निघालेल्या माणसाचं घर

तिसऱ्या दिवशी दुपारी मला माझं घर दाखवण्यात आलं. त्या शहरातलं ते सातव्या क्रमांकाचं प्रेक्षणीय स्थळ होतं. दगडी पुलानंतर आणि घड्याळाच्या मनोऱ्याआधी. माहितीपत्रकात त्याला दहा मिनिटं दिली होती. मनोऱ्याला पंचवीस दिली होती, याचा मला जरा रागच आला.

मी भूपाल मगदूम. जयसिंगपूरजवळच्या एका फाउंड्रीत तपासणी विभाग सांभाळतो. आम्ही मोठ्या वॉल्व्हच्या बॉडी ओततो, आणि त्या बरोबर उतरल्या की नाही ते मी मोजतो. एकतीस वर्षं मोजतोय. त्या परदेशी शहराचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, आणि जे नीट येत नाही ते मी कागदावर लिहीत नाही. तिथल्या एका कंपनीला आमचा नमुना दाखवायचा आणि त्यांची सही घेऊन यायचं, एवढंच काम होतं. सही झाल्याशिवाय परतीचं तिकीट निघणार नव्हतं.

सही होत नव्हती, कारण नमुना रोज एक मिलिमीटरनं लहान होत होता. सकाळी मोजला की कालच्यापेक्षा एकानं कमी. त्याच्याबरोबर ड्रॉइंगही लहान होत होतं, त्यामुळे चूक रोज तेवढीच राहायची. खरेदी विभागाच्या इल्सेबाई अतिशय सभ्य होत्या. लांबून आलेल्या लोखंडाला दुपारी दोन ते चार विश्रांती द्यावी लागते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तेवढ्या वेळात पाहुण्यांनी शहर पाहायचं असतं म्हणून पिवळ्या बसचा पास हातावर ठेवला. मला शहर पाहायची हौस नव्हती. पाय सुजून बुटात मावत नव्हते, आणि थंड पाव आणि चीज खाऊन तोंडाची चव गेली होती. पण यजमानांचा मान ठेवावा लागतो.

बसमध्ये माझ्याशिवाय अकरा जण होते. तोमास नावाचा मार्गदर्शक होता, माझ्याच वयाचा, सुस्कारे टाकणारा. त्यानं प्रत्येकाच्या कानाला एकेक यंत्र लावलं. त्यातून ज्याला त्याला आपापल्या भाषेत माहिती ऐकू येत होती. माझ्या यंत्रात मराठी होतं. रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ, कुठल्याच गावचं नसलेलं मराठी. परक्या मुलखात ते कानावर पडल्यावर बरं वाटलं, हे कबूल करतो.

पहिली सहा स्थळं ठीक होती. एका चौकात तीनशे कबुतरं एकाच दिशेला तोंड करून उभी होती. एका चर्चचं छप्पर धुवायला नेलं होतं. नदीतून वर येणारा एक जिना होता, तो कुठेच जात नव्हता, आणि लोक त्याचे फोटो काढत होते. आमच्याकडे असले जिने ठेकेदार बांधतात आणि त्यांचे फोटो कुणी काढत नाही. मी प्रत्येक ठिकाणी मान डोलावली.

मग बस एका बँकेच्या आणि छत्र्यांच्या दुकानाच्या मधे वळली, आणि जयसिंगपूरची अकरावी गल्ली लागली. उकाडा जाणवला. सगळ्यांनी कोट काढून हातावर घेतले. चौगुल्यांच्या दारातला पांढरा चाफा होता, पुढे आमचं घर. फाटकावर पितळी पाटी लावली होती. निघालेल्या माणसाचं घर. बुधवार, सायंकाळी साडेसहा.

हा बुधवार कोणता ते माझ्या लगेच ध्यानात आलं. माझं विमान गुरुवारी होतं आणि गुरुवारी अमावास्या होती. माझी बायको राजमती अमावास्येला कुणाला घराबाहेर जाऊ देत नाही. विमानाला अमावास्या कळत नाही, असं मी म्हणालो. तेव्हा तिनं मंगळवारी सकाळी चांगली वेळ पाहून माझं प्रस्थान ठेवलं. म्हणजे मूठभर तांदूळ, एक सुपारी आणि माझा एक वापरातला पंचा असं एका कापडात बांधून शेजारी चौगुले वहिनींच्या घरी नेऊन ठेवलं. असं केलं की माणूस त्याच वेळी निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. मंगळवार सकाळपासून मी रीतसर प्रवासाला निघालेला होतो, आणि गुरुवारपर्यंत घरातच बसलेला होतो.

सोप्याच्या दारात जाड लाल दोरी बांधली होती. आम्ही बारा जण दोरीला पोट लावून उभे राहिलो. आत खुर्चीवर मी बसलो होतो. बनियन, चट्ट्यापट्ट्याचा लेंगा, मांडीवर तपासणीच्या दाखल्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. बाजूनं पाहिलं तर टाळू माझ्या कल्पनेपेक्षा जास्त उघडी पडली आहे.

मग राजमती स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात गवारीच्या शेंगांचं ताट होतं, ते तिनं कोनाड्यात ठेवलं. पदराला हात पुसले. आणि ती खुर्चीतल्या माझ्याशी बोलली. थोडंथोडकं नाही, चांगली चाळीस सेकंदं बोलली. मधे एकदा थांबली, जमिनीकडे पाहिलं, पुन्हा बोलली.

मला फक्त रेडिओचं मराठी ऐकू येत होतं. ते म्हणत होतं, "यजमानीण स्वयंपाकघराच्या दारात येतात. त्या यजमानांशी बोलतात. यजमान 'हं' म्हणतात आणि पान उलटतात. यजमानीण परत जातात. आपल्या उजव्या हाताला भिंतीवर दिनदर्शिका आहे."

मी यंत्र कानावरून काढलं. काहीच ऐकू आलं नाही. डोक्यावर पंखा गरगरत होता, त्याचाही आवाज नव्हता.

माझ्या शेजारी कोरियातलं एक जोडपं होतं. त्यातला नवरा हलकेच हसला आणि त्यानं बायकोचा हात धरला. पलीकडे पोर्तुगालच्या ग्रासाबाई होत्या, सत्तरीच्या, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. एक उंच पाद्री होते, ते कानापर्यंत लाल झाले आणि बुटांकडे पाहायला लागले. माझी बायको काय बोलली ते बसमधल्या अकरा जणांना कळलं होतं. बारावा मी होतो.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी मी तोमासला गाठून माझं यंत्र बिघडलं असल्याची तक्रार केली. मग ते माझंच घर असल्याचंही सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. हंगामात एखाददुसरा असा निघतोच, म्हणाला. मी विचारलं की इतरांच्या भाषेत तिचं बोलणं आहे, मग मराठीत का नाही.

तोमासनं यंत्र पुसून पेटीत ठेवलं.

"मराठीची माहिती तुम्ही जे ऐकलंत त्यावरून तयार केली आहे," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलं नव्हतं."

मी त्या बुधवारचं आठवून पाहिलं. दाखल्यांमधला एक आकडा जुळत नव्हता, हे आठवलं. तो शेवटी कुठे सापडला तेही आठवलं. राजमती दारात आली होती, हे आठवलं नाही. गुरुवारी सकाळी कंपनीची गाडी आली, ती दहाव्या गल्लीच्या बाजूनं आली, आणि मी घाईघाईत मागच्या दारानं निघालो. ती पोचल्यावर फोन करा म्हणाली. एवढंच म्हणाली. चौगुल्यांकडचं गाठोडं उचलायचं राहिलं, हे मला पुण्याच्या अलीकडे ध्यानात आलं. मनात म्हटलं, राहिलं तर राहिलं, त्यानं काय होणार आहे.

संध्याकाळी हॉटेलवरून घरी फोन लावला. दोनदा घंटा वाजली आणि राजमतीनं उचलला. तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मी म्हटलं, मी बोलतोय. कोण मी, असं तिनं विचारलं. मी नाव सांगितलं.

ती अनोळखी माणसाशी बोलतात तशा हळू आवाजात म्हणाली, "ते आत बसल्यात. कागद बघालेत. तुमी कोण बोलताय?"

"राजमती, मी परदेशातनं बोलतोय. तू मला काय सांगत होतीस बुधवारी?"

"आज बुधवारच हाय की," ती म्हणाली. "आन् ते अजून गेलं न्हाईत. परस्थान चौगुल्यांच्यात हाय त्यांचं. ते उचलल्याबिगर कसं जातील?"

मी म्हटलं, बरं, मग तू त्यांना आता काय सांगणार आहेस, तेवढं मला सांग.

"त्यांनाच सांगीन की," राजमती म्हणाली. "तुमाला कशाला सांगू?"

तिनं फोन ठेवला. तिचं म्हणणं चूक नव्हतं. परक्या माणसाला घरातली गोष्ट सांगायची तिला सवय नाही, आणि या गुणाचं मी चारचौघांत कौतुक केलेलं आहे. मी पलंगावर बसून राहिलो. मला तिची आठवण यायला लागली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या काळात ती माहेरी गेली की मला चहाची आठवण यायची, इस्त्रीच्या कपड्यांची यायची, तिची अशी कधी आली नव्हती. आता नुसती तिची येत होती. ती जमिनीकडे पाहून थांबली होती, त्या थांबण्याची येत होती.

चौथ्या दिवशी नमुना आणखी एकानं लहान झाला. इल्सेबाईंनी खेद व्यक्त केला. मी दोन वाजायच्या आधीच कोट चढवून बसच्या थांब्यावर उभा होतो. बस आली, तीच अकरा माणसं, त्याच जागांवर. त्या दिवशी चार स्थळं दाखवली नाहीत. तोमास म्हणाला, दुरुस्तीसाठी बंद आहेत. कबुतरं, पूल आणि मग थेट अकरावी गल्ली.

मी यंत्र खिशात ठेवलं आणि राजमतीच्या ओठांवर नजर लावली. मशीनवर डायलची सुई पाहतो तशी. पहिला शब्द कळला, तो "ओ" होता. तेवढा तर आंधळ्यालाही कळला असता. पुढे ती बोलताना अर्धी स्वयंपाकघराकडे वळली, कारण गॅसवर दूध होतं. मग पदर तोंडाशी नेला. मग ते थांबणं. मग दोन-तीन शब्द, इतके भरभर, की ते जणू आधीपासून तोंडात धरून ठेवले होते. खुर्चीतल्या माणसाचे ओठ मात्र मला स्पष्ट कळले. हं.

एक गोष्ट मी प्रथमच पाहिली. हं म्हटल्यानंतर ती लगेच परत गेली नव्हती. ती तिथेच उभी होती. मी पान उलटलं, लाल पेनानं खूण केली, आणखी एक पान उलटलं. एवढा वेळ ती उभी होती. खुर्चीतला माणूस मान वर करेल, या एका गोष्टीसाठी ती उभी होती, हे दोरीजवळच्या सगळ्यांना दिसत होतं. कोरियातल्या नवऱ्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच्या बायकोनं त्याला मागे ओढलं. मी मोठ्यानं म्हणालो, अरे बघ की वर. माझा आवाज आत गेला नाही. राजमती नेहमी म्हणते की तुमच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो घडा कसा दिसतो ते मी त्या दिवशी समोरून पाहिलं.

परत जाताना मी बसमध्ये ग्रासाबाईंच्या शेजारी बसलो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून हातवारे करून, छातीवर हात ठेवून, ती माझी बायको, तो मी, असं त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी राजमतीचं बोलणं आपल्या भाषेत सावकाश सांगितलं. तीनदा सांगितलं. मी ते माहितीपत्रकाच्या मागे, कानाला जसं लागलं तसं, देवनागरीत उतरवून घेतलं. सात ओळी झाल्या. माझं मोजमाप चुकत नाही तसं ऐकणंही चुकत नाही, लक्ष दिलं तर. त्या सात ओळी मी अजूनही पाठ म्हणू शकतो. अर्थ कळत नाही, पण चौथ्या ओळीच्या शेवटी ग्रासाबाईंचा आवाज जिथे खाली जायचा तिथे माझाही जातो.

हॉटेलच्या काउंटरवर एक टक्कल पडलेले गृहस्थ असायचे. ते तरुणपणी पोर्तुगालमध्ये राहिले होते, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी त्यांना वाचून दाखवतो म्हटलं, ते हो म्हणाले. मी काउंटरवर कोपर टेकवून वाचलं. दुसऱ्या ओळीला त्यांनी पेन खाली ठेवलं. पाचव्या ओळीला चष्मा काढला. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या खोलीच्या किल्लीबरोबर मला परत दिली.

"हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नसतं," ते म्हणाले. "नाश्ता सातपासून."

पाचव्या दिवशी, सहाव्या दिवशी मी तेच केलं. सकाळी नमुना मोजायचा, दुपारी राजमतीला पाहायचं. पूल बंद झाला. कबुतरं बंद झाली. बस थांब्यावरून निघायची आणि छत्र्यांच्या दुकानाशी वळायची. मी तिच्या सगळ्या हालचाली शिकलो. ताट कोनाड्यात ठेवताना ती एक शेंग खाली पाडते आणि पायानं बाजूला सारते. हात पुसते तेव्हा आधी डावा पुसते. डाव्या भुवईच्या वर एक बारीक व्रण आहे. तो कधीचा आहे, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं मी लोखंडातलं केसाएवढं छिद्र शोधत फिरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दोरीच्या अलीकडून तिला पाहताना मला ती फार आवडली. हे या वयात लिहायला बरं दिसत नाही, पण आवडली. रोज दहा मिनिटं संपली की पुढचा सगळा दिवस मी उद्याच्या दहा मिनिटांची वाट पाहत वावरायचो.

सातव्या दिवशी सकाळी नमुना एका रात्रीत सुपारीएवढा झाला होता. ड्रॉइंग पोस्टाच्या तिकिटाएवढं. इल्सेबाईंनी चिमट्यानं तो ड्रॉइंगवर ठेवला आणि भिंगातून पाहिलं. बरोबर बसला. खोलीतले सगळे उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. सही चार वाजता करायचं ठरलं. सही करणारे साहेब वर्षातून एकदाच सही करतात आणि ते आज चारलाच करणार होते. तिकीट सहीबरोबरच मिळेल, रात्रीचं विमान आहे, उद्या दुपारी मी घरी असेन, असं इल्सेबाईंनी सांगितलं. मी आभार मानले. मग मी विचारलं की उद्या दुपारी तिथे कोणता वार असेल. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

माझ्या मनात एकच हिशोब होता. घरी जाऊन मी राजमतीला विचारलं असतं की तू त्या बुधवारी काय म्हणालीस, तर ती म्हणाली असती, काय की, आता आठवत न्हाई. तिची ती पद्धत आहे. एकदा उभी राहिली, वाट पाहिली आणि परत आत गेली, की ती गोष्ट ती पुन्हा बाहेर काढत नाही. तिच्या वडिलांच्या बाबतीत एकदा असं झालं होतं. मला त्यांचं आजारपण त्यांच्या तेराव्याला कळलं. आणि मुळात दार उघडल्यावर आत खुर्चीत मीच बसलेला असणार होतो. मग मी कोण म्हणून आत जायचं?

बस त्या दिवशी साडेतीनला होती. मी इल्सेबाईंना म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. त्या हो म्हणाल्या, पण घड्याळावर बोट ठेवून हो म्हणाल्या.

बसमध्ये मी तोमासला सरळ विचारलं की दोरीच्या पलीकडे जाता येतं का.

"येतं," तो म्हणाला. "दोरी नुसती अडकवलेली असते."

"मग?"

"तिथून परत बसमध्ये कुणी आलेलं नाही. हे मला सांगावं लागतं, म्हणून सांगितलं."

त्यानं सुस्कारा टाकला आणि खिडकीबाहेर पाहायला लागला. मी त्याला माझा पास परत दिला. त्यानं तो न पाहता खिशात घातला.

गल्लीत नेहमीचा उकाडा होता. चौगुल्यांच्या दारावरून जाताना मी आत डोकावलो. चौगुले वहिनींच्या देवघराशेजारी फडताळात माझं गाठोडं होतं, माझ्या पंच्याची हिरवी किनार बाहेर आली होती. मी दारात उभं राहून वहिनी, वहिनी अशी हाक मारली. त्या समोरच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हात घालून उचलायला गेलो तर हात फडताळापर्यंत पोचला नाही. फडताळ जेवढं लांब दिसत होतं त्यापेक्षा लांब होतं. बाकीचे पुढे गेले होते. मी नाद सोडला.

आमच्या सोप्यात खुर्चीवर मी बसलेलो होतो. दाखल्यांचा गठ्ठा, लाल पेन. दोरीचं एक टोक खिळ्यात अडकवलं होतं ते मी काढलं, आत गेलो, आणि सवयीनं पुन्हा अडकवलं. बूट दारात काढले. सुजलेल्या पायांना फरशी गार लागली. आत आलो तरी आवाज नव्हताच. पंखा मुकाट फिरत होता.

मी खुर्चीतल्या माणसाच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याच्या हातातला कागद ओढला, तो आला नाही. खांदा हलवला, हलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात राजमती आली. तिनं ताट कोनाड्यात ठेवलं, शेंग पडली. मी तिच्या इतका जवळ गेलो की तिच्या कपाळावरचा घाम मला दिसला. मी म्हटलं, मला सांग. माझ्यातून पलीकडे पाहत ती डावा हात पुसायला लागली. उजवा पुसून झाला की ती बोलणार होती, आणि ते बोलणं माझ्यासाठी नव्हतंच. ते खुर्चीतल्या माणसासाठी होतं.

म्हणून मी जाऊन त्याच्यावर बसलो. अडचण होईल असं वाटलं होतं. पण आमच्याकडे ओल्या वाळूत लाकडी साचा दाबतात आणि तो कडेपर्यंत बसतो, तसा मी बसलो. आधी पाठ, मग खांदे, शेवटी बोटं. लाल पेन माझ्या बोटांत आलं.

आणि आवाज सुरू झाला. पंख्याची खरखर, दूध तापल्याची सुरसुर, चौगुल्यांच्या दारात कुणाची तरी सायकल, तिच्या बांगड्या. इतक्या दिवसांनी बांगड्या ऐकल्या आणि मला रडू येणार असं वाटलं. माझी मान खाली होती. समोर एकशे बारा क्रमांकाचा दाखला होता आणि त्यातला आकडा जुळत नव्हता. दाखल्याच्या कडेपलीकडे तिचे पाय दिसत होते.

"ओ," राजमती म्हणाली. "ऐकताय न्हवं? मला एक..."

"हं," मी म्हणालो.

मी म्हणालो नव्हतो. ते माझ्या तोंडातून, त्या तोंडाच्या सवयीनं, रोजच्यापेक्षा आधीच बाहेर पडलं. ती थांबली. पाय हलले नाहीत.

मी मान वर करायला लागलो. मान अशी जड असते हे मला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं न उघडलेला वॉल्व्ह फिरवताना पहिल्या वेढ्याला जो जोर लागतो, तेवढा लावला. आधी तिची बोटं दिसली, जोडवी दिसली. मग लुगड्याचा काठ. मग निऱ्या. बाहेर बसनं भोंगा दिला. मग तिचे हात दिसले, पदरात धरलेले, पुसायचे थांबलेले. तिथून चेहऱ्यापर्यंत अजून बरंच अंतर होतं.

नजरेच्या कडेला दोरी होती. दोरीच्या पलीकडे अकरा जण पोट लावून उभे होते, कानांना यंत्रं, जरासे पुढे वाकलेले. त्यांच्यापैकी कुणीही राजमतीकडे पाहत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.